'उर्वरित' महाराष्ट्राचा हिशेब : विकासाचे संशोधन आणि डोळखांबचे पाडे

शब्दांच्या अर्थछटा समजावून सांगणे हा मराठीच्या अध्यापकाचा रोजचा व्यवसाय. त्यामुळे शासकीय मराठीतले शब्दही आम्ही कवितेतल्या शब्दांसारखेच उलटेपालटे करून पाहतो. असे दोन शब्द गेली काही वर्षे आमच्या मनात घर करून आहेत. एक 'अनुशेष' आणि दुसरा 'उर्वरित'. प्रादेशिक विकासाच्या चर्चेत हे दोन्ही शब्द इतके रुळले आहेत, की त्यांच्याकडे शब्द म्हणून पाहण्याचे कोणाला सुचत नाही. मागे राहून गेलेले काम म्हणजे अनुशेष. विदर्भ आणि मराठवाडा वगळल्यावर जे शिल्लक राहते ते 'उर्वरित महाराष्ट्र'. दोन्ही शब्दांच्या पोटात 'उरणे' हीच क्रिया आहे. फरक इतकाच की पहिल्यात काम उरते आणि दुसऱ्यात प्रदेश व माणसे उरतात.

ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका या 'उर्वरित' महाराष्ट्रात मोडतो. तालुक्याच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्यात आजोबाचा डोंगर, आणि त्या डोंगराच्या वाटेवर डोळखांब हे बाजाराचे गाव. आजूबाजूला ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांचे पाडे. दक्षिणेला लागूनच मुरबाड तालुका. मुंबईहून कसाऱ्याच्या लोकलने आसनगावला उतरले की शहापूर जवळच आहे. म्हणजे राज्याच्या राजधानीपासून हा परिसर काही तासांच्या अंतरावर आहे. तरीही विकासाच्या संशोधनात तो सापडत नाही. तो का सापडत नाही, आणि संशोधन व नियोजन यांच्यामधली वाट नेमकी कोठे तुटते, याचा थोडा ऐतिहासिक शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. आम्ही अर्थशास्त्राचे अभ्यासक नव्हेत. पण ज्या दस्तऐवजांनी हा इतिहास घडवला ते मराठीच्या विद्यार्थ्यानेही वाचावेत असे आहेत.

या शोधाचे निमित्त मात्र अगदी घरगुती आहे. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरासाठी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन डोळखांब परिसरात गेलो होतो. सकाळी श्रमदान, दुपारी सर्वेक्षण आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा नेहमीचा क्रम होता. सर्वेक्षणाचा छापील नमुना आमच्या विभागानेच तयार केला होता. त्यातला पहिला रकाना 'गावाचे नाव' हा होता. एका विद्यार्थिनीने एका म्हाताऱ्या बाईंना गावाचे नाव विचारले. त्यांनी आपल्या पाड्याचे नाव सांगितले. मुलगी हुशार. तिने यादी पाहून दुरुस्ती केली, "आजी, ते पाड्याचं नाव झालं. गावाचं सांगा." त्यावर आजी म्हणाल्या, "गाव खाली हाय, बाय. आम्ही पाड्यावरली." रकान्यात अखेर महसुली गावाचेच नाव लिहिले गेले.

पुढच्या चार घरांपुढे त्याच दुपारी 'घर बंद' अशी नोंद झाली. दारांना कुलपे नव्हती. नुसती काठी आडवी लावलेली होती. माणसे कोठे गेली, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "भट्टीवर. होळीला येतील." शिबिर डिसेंबरच्या अखेरीस होते. दिवाळी झाली की या पाड्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, हे आम्हाला ऐकून ठाऊक होते. तरीही 'घर बंद' असलेली कुटुंबे आम्ही आमच्या टक्केवारीतून वगळली. अहवालात त्या पाड्याचे सरासरी वय बरेच जास्त निघाले. आमच्यापैकी एकाने त्यावरून 'वृद्धांचे प्रमाण' या विषयावर दोन परिच्छेदही लिहिले. तो अहवाल आणि ते नमुने अजून विभागातल्या लोखंडी कपाटात आहेत.

या दोन प्रसंगांत आमची जी फसगत झाली तिला पुष्कळ जुना इतिहास आहे, हे पुढे वाचता वाचता ध्यानात आले.

मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्यांची माहिती व्यवस्थित गोळा करण्याचे काम गॅझेटिअरांनी केले. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्यात जमिनी, पिके, जंगले, जाती-जमाती यांची वर्णने आहेत. ही माहिती राज्यकारभारासाठी होती. सारा किती बसेल आणि जंगलातून काय मिळेल, हे तिचे मूळ प्रश्न. गॅझेटिअर प्रसिद्ध झाल्यानंतर दहा वर्षांनी, १८९२ साली, शहापूरच्या परिसरात तानसा धरण पूर्ण झाले आणि त्याचे पाणी मुंबईला जाऊ लागले. म्हणजे या प्रदेशाचे नियोजन झालेच नाही असे म्हणता येत नाही. त्याचे नियोजन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ होत आले आहे. प्रश्न आहे तो कोणासाठी, याचा.

खेड्याकडे खेड्याच्याच अंगाने पाहणारे लेखन विसाव्या शतकाच्या आरंभी आले. महसूल खात्यातील नोकरीच्या निमित्ताने गावे पाहिलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. ते आज आपण मराठी गद्याचा नमुना म्हणूनही वाचतो. पुढे दोनच वर्षांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर, शेतोशेत पाहणी प्रसिद्ध केली. १९२१ साली जातेगाव बुद्रुकची. शेतजमिनीचे किती लहान तुकडे झाले आहेत आणि कर्जाचे ओझे किती आहे, हे मॅन यांनी आकड्यांनी मांडले. मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झाला तो १९४७ साली. पाहणी आणि कायदा यांच्यात तीस वर्षे गेली. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आत्रे आणि मॅन या दोघांसमोर होते ते देशावरचे गाव, म्हणजे पांढरी, वेस, पाटील, बलुतेदार असलेले. विखुरलेले पाडे आणि त्यांच्यामधली जंगले ही ठाण्याच्या डोंगरपट्टीची रचना या चौकटीत बसत नाही. मराठी समाजशास्त्रीय लेखनाने 'गाव' हा जो घटक गृहीत धरला तो मुळात देशावरचा आहे. आमच्या नमुन्यातला पहिला रकाना तेथूनच आला होता.

आदिवासी पट्ट्याची पहिली महत्त्वाची सरकारी चौकशी १९३७ साली सुरू झाली. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे ती सोपवण्यात आली आणि त्यांचा अहवाल १९३९ मध्ये सादर झाला. सावकारी, वेठ, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे 'लग्नगडी' या साऱ्यांची नोंद त्या अहवालात आहे. अहवाल सरकारचाच होता, अधिकारी सरकारचाच होता आणि निष्कर्षही स्पष्ट होते. तरीही वेठ बंद झाली नाही. ती बंद होण्याची सुरुवात झाली १९४५ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथून परतलेल्या वारल्यांनी उंबरगाव-डहाणू भागात वेठ करण्यास नकार दिला आणि लग्नगडी मुक्त झाले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला, त्यात माणसे मेली; पण चळवळ थांबली नाही. तिची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे एक मौजेची जुळणी दिसेल. एकाच वास्तवाविषयी दोन दस्तऐवज आहेत. एक १९३९ चा सरकारी अहवाल, दुसरा १९७० चे आत्मकथन. वेठीची माहिती दोहोंत आहे. पण अहवालात आदिवासी हा चौकशीचा विषय आहे, तर आत्मकथनात तो क्रियापदाचा कर्ता आहे. संशोधनाचे धोरणात रूपांतर होण्यासाठी जे लागते त्याचा एक भाग या व्याकरणात सापडतो. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्या हाती ते लिखाण पोचले नाही, किंवा त्यांनी स्वतःहून तीच गोष्ट सांगितली नाही, तर अहवाल कितीही खरा असला तरी त्याला कपाटच मिळते.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात संशोधन आणि नियोजन जोडण्याचे श्रेय सर्वांत जास्त कोणाला द्यावे, तर ते धनंजयराव गाडगीळ यांना. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी, वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी अशी कामे संस्थेने केली. गाडगीळ तेवढ्यावर थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटील यांच्याबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते उतरले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९६७ ते १९७१ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्रीय मदत कोणत्या निकषांवर वाटावी याचे 'गाडगीळ सूत्र' १९६९ चे. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी क्षेत्र वाटून घेऊन काम करावे अशी शिफारस केली आणि तीतून प्रत्येक जिल्ह्यासाठी एक अग्रणी बँक ही योजना निघाली. पाहणी करणारा माणूस कारखान्याचा अध्यक्ष होतो आणि पुढे देशाचे नियोजन करतो, असे उदाहरण दुर्मीळच म्हणावे लागेल.

याच काळात जिल्हा हा महाराष्ट्राच्या विकासविचाराचा मुख्य घटक बनला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे जिल्हा नियोजनाची यंत्रणा उभी राहिली. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर जिल्हा नियोजन समित्यांना घटनात्मक आधार मिळाला आणि १९९८ साली महाराष्ट्राने त्यांचा कायदा केला. दिल्ली आणि मुंबईहून खाली आलेले नियोजन जिल्ह्यापर्यंत पोचले ही मोठीच गोष्ट होती. तिचे महत्त्व कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. पण जिल्हा हा घटक ठाण्यासारख्या ठिकाणी काय करतो, हे पाहायला हवे.

प्रादेशिक असमतोलाच्या तक्रारींचा निवाडा करण्यासाठी राज्य सरकारने १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रे समितीने घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली, जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याची तूट मोजली आणि ती भरून काढायला किती पैसा लागेल हे रुपयांत मांडले. एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा. भाषणांतल्या अन्यायाला समितीने आकड्याचे रूप दिले. त्यापूर्वी 'मागास' हे विशेषण होते. आता त्याला मोजमाप मिळाले. संशोधनाने राजकारणाला इतकी नेमकी भाषा दिल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात शोधावे लागेल. संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदाखाली १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. पुढची चर्चा बरीचशी याच भाषेत झाली. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. 'उर्वरित महाराष्ट्र' हा शब्दप्रयोग मात्र टिकून आहे.

पण या पद्धतीत एक गृहीतक दडलेले होते. हिशेबाचा घटक जिल्हा होता. ज्या पातळीवर आकडे मिळतात तीच पातळी हिशेबाला सोयीची असते, त्यामुळे हे स्वाभाविकही होते. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात काय काय होते ते आठवावे. ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडीचे यंत्रमाग, आणि त्याच जिल्ह्यात मोखाडा, जव्हार, शहापूर, मुरबाड. डोंबिवलीतला पदवीधर आणि डोळखांबच्या पाड्यावरचा निरक्षर यांची बेरीज करून दोनने भागले, की दोघेही अर्धशिक्षित ठरतात. प्रत्यक्षात अर्धशिक्षित कोणीच नसतो. आकडा खोटा नसतो. तो कोठल्याच माणसाचा नसतो, इतकेच. विदर्भ आणि मराठवाड्याचे मागासलेपण निदान प्रदेशाच्या नावाने मांडता येत होते. ठाण्याच्या डोंगरपट्टीला स्वतःच्या जिल्ह्याची श्रीमंतीच आड आली.

ही त्रुटी अभ्यासकांच्या लक्षात आली नाही असे नाही. २०११ साली विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती नेमली गेली. २०१३ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाच्या चर्चेत तालुका या घटकाला महत्त्व आले. मानव विकासाच्या कार्यक्रमासाठीही राज्याने तालुके निवडले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. जव्हार, मोखाडा, डहाणू तिकडे गेले. शहापूर आणि मुरबाड महानगरांच्या ठाणे जिल्ह्यातच राहिले. म्हणजे घटक लहान होत गेला, पण या दोन तालुक्यांची जिल्ह्याच्या सरासरीतून सुटका झाली नाही.

तालुका हा तरी पुरेसा लहान घटक आहे काय? जनगणनेत गाव म्हणजे महसुली गाव. महसुली गावात पाचसात पाडे असतात आणि ते एकमेकांपासून मैल-दीड मैलावर असू शकतात. 'गावात नळ आहे' या नोंदीखाली नळ नसलेला पाडाही झाकला जातो. शिवाय २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांची मोजणी फेब्रुवारी महिन्यात झाली. म्हणजे भट्ट्यांच्या ऐन हंगामात. भट्टीवर गेलेली माणसे मोजली गेली असतील तर भट्टीच्या ठिकाणी, आणि नसतील तर कोठेच नाही. आमच्या नमुन्यातल्या 'घर बंद' या दोन शब्दांत जे झाले तेच मोठ्या कागदावर होण्याची शक्यता यामुळे निर्माण होते.

आता ज्या ठिकाणी संशोधन, प्रयोग आणि धोरण यांची खरोखर गाठ पडली असे एक उदाहरण पाहू. ते याच महाराष्ट्रातले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर येथे एक प्रयोग केला. जो मागेल त्याला काम द्यायचे, असा तो प्रयोग होता. १९७१ च्या जानेवारीत दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी देणे हाच दारिद्र्यावरचा तातडीचा व्यवहार्य उपाय आहे, असे त्यांनी मांडले. १९७२ साली राज्यात रोजगार हमी योजना सुरू झाली. पाठोपाठ आलेल्या दुष्काळाने कामाच्या मागणीचे प्रचंड स्वरूप सर्वांना दाखवले. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली देशपातळीवरचा कायदा झाला त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

ही योजना यशस्वी झाली की नाही, हा वेगळा वाद आहे. तिच्यातील गैरव्यवहारांवर भरपूर लिहिले गेले आहे. आम्हाला तिच्यात महत्त्वाची वाटते ती मोजण्याची रीत. येथे गरीब कोण हे ठरवण्यासाठी सरासरी काढावी लागत नाही, दारिद्र्यरेषेची यादी लागत नाही. जो उन्हात दगड फोडायला येतो त्याला गरज आहे, हे त्याच्या येण्यानेच सिद्ध होते. त्याने कामाची मागणी नोंदवायची आणि पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर त्याचा भत्त्यावर हक्क. म्हणजे पाहणीची नोंद आणि धोरणाची अंमलबजावणी एकाच कागदावर होते. घटक जिल्हा नाही, तालुका नाही, गावही नाही. घटक माणूस आहे. रथ यांनी पुढे १९८५ साली, गरिबांना म्हैस किंवा शिलाईयंत्र यांसारखी साधने कर्जाने देण्याच्या योजनांपेक्षा मजुरीच्या कामाची हमी बरी, असे पुन्हा सांगितले. त्याच्या मुळाशीही हीच दृष्टी असावी.

या योजनेचा दुसरा पैलू आम्हा नोकरदारांच्या फार जवळचा आहे. तिच्यासाठी १९७५ साली महाराष्ट्रात व्यवसाय कर लावण्यात आला. आमच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, अशी जी कपात दिसते ती हीच. प्राध्यापकांच्या खोलीत आम्ही सहज विचारले तेव्हा ही कपात मुळात कशासाठी सुरू झाली हे एकालाही सांगता आले नाही. शहरातल्या पगाराचा आणि डोंगरातल्या मजुरीचा असा थेट संबंध एका कायद्याने जोडला होता, आणि तो आमच्या स्मरणातून पूर्णपणे गेला होता.

हा संबंध उलट्या दिशेने मात्र रोज चालू आहे. तानसा झाले, मग १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर, पुढे भातसा, २०१४ साली मध्य वैतरणा. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी एकट्या भातसाचे असते आणि भातसा शहापूर तालुक्यात आहे. याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरने पाणी द्यावे लागते. हा विरोधाभास वर्तमानपत्रांत दर एप्रिलमध्ये छापून येतो, त्यामुळे त्यात नवे काही नाही. नवे असेल तर हे, की हा नियोजनाचा अभाव नसून नियोजनाचा परिणाम आहे. शहराला किती दशलक्ष लिटर पाणी लागेल याचा अंदाज पंचवीस-तीस वर्षे आधी होतो, त्याप्रमाणे धरण ठरते. पाड्याला किती लागेल याचा अंदाज दरवर्षी नव्याने होतो. त्याला 'टंचाई आराखडा' असे नाव आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे असतात. टंचाई येणार हे धरून चालणारा आणि ती पुन्हा येऊ नये याचा विचार ज्याच्या कक्षेतच नाही, असा हा आराखडा. मुरबाडच्या काळू नदीवर महानगरासाठी धरण बांधण्याचे काम वनविषयक मंजुरीविना सुरू झाले होते, ते २०१२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. न्यायालयापर्यंत गेले होते ते श्रमिक मुक्ती संघटनेचे लोक. कोणती गावे बुडतील आणि किती जंगल जाईल, ही माहिती गोळा करून ती योग्य वेळी योग्य दारात नेल्यामुळे हे घडले. संशोधन आणि धोरण यांची जोडणी म्हणतात ती हीच, फरक एवढाच की ती येथे खालून झाली.

वर सांगितलेल्या साऱ्या इतिहासातून आमच्यापुरता एक निष्कर्ष निघतो. संशोधन धोरणापर्यंत पोचत नाही याचे कारण सामान्यतः नोकरशाहीची उदासीनता किंवा राजकारण्यांचे अज्ञान असे सांगितले जाते. ते काही अंशी खरेही आहे. पण वाट त्याआधीच, पाहणीच्या पहिल्या रकान्यात तुटलेली असते. आपण कोणता घटक मोजतो आणि कोणत्या ऋतूत मोजतो, येथेच कोण दिसणार आणि कोण उरणार हे ठरून जाते. सिमिंग्टनच्या अहवालाला सहा वर्षांनी माणसे भेटली. दांडेकर समितीच्या आकड्यांना जिल्हे भेटले, पाडे भेटले नाहीत. पागे यांच्या योजनेत मात्र मोजणे आणि देणे यांत अंतरच ठेवलेले नव्हते.

पाडा हा घटक आज कायद्यालाही मान्य आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे; मुरबाडमधली काही गावेही आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले. त्यांनुसार पाड्यावरच्या लोकांनी ठराव केला, तर रीतसर प्रक्रियेनंतर तो पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा होते. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णयही २०१५ साली झाला. म्हणजे "आम्ही पाड्यावरली" हे आजींचे उत्तर व्याकरणाच्या आणि कायद्याच्या दोन्ही दृष्टींनी बरोबर होते. चुकीचा होता तो आमचा नमुना.

त्यानंतर आम्ही तो नमुना बदलला. 'गावाचे नाव' या रकान्याआधी आता 'पाड्याचे नाव' आहे. 'घर बंद' या नोंदीपुढे तीन प्रश्न आहेत : कोठे, कधीपासून, परत केव्हा. ही उत्तरे शेजारी देतात आणि बहुधा अचूक देतात. पण खरी अडचण वेळेची होती. ती लक्षात यायला आम्हाला एक वर्ष लागले. टंचाई आराखड्याचा पहिला टप्पा ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, आणि गावाच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभाही त्याच सुमारास भरतात. आमचे शिबिर असते डिसेंबरमध्ये. म्हणजे आमची माहिती तयार होईपर्यंत आराखडा कागदावर उतरलेला असायचा, आणि ज्यांची माहिती हवी ती माणसे भट्टीवर असायची. आमचे सर्वेक्षण नियोजनाच्या कालगणनेलाही धरून नव्हते आणि पाड्याच्या कालगणनेलाही नव्हते. ते फक्त विद्यापीठाच्या वेळापत्रकाला धरून होते.

आश्विनात भातकापणीच्या आधी आठवडाभर पाड्यावर सगळी माणसे असतात. पाऊस ओसरलेला असतो, विहिरींना पाणी असते, आणि यंदा कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटेल हे तेथले लोक बोटाने दाखवून सांगू शकतात. पहिल्या सत्राच्या परीक्षा नेमक्या तेव्हाच येतात, ही अडचण आहे. तरीही गेल्या वेळी दोन रविवार काढून बारा विद्यार्थी गेले. पाड्यांप्रमाणे विहिरी, त्यांचे आटण्याचे महिने आणि स्थलांतर करणारी कुटुंबे यांची तीन पानी यादी त्यांनी केली. त्या यादीच्या दोन प्रती निघाल्या. एक ग्रामपंचायतीत दिली, पोच घेतली. दुसरी पाड्यावरच्या शाळेच्या भिंतीवर लावली, कारण ती ज्यांची होती त्यांनी ती तपासावी असे विद्यार्थ्यांनाच वाटले. आठवड्याने त्या कागदावर कोणीतरी पेनने दोन दुरुस्त्या केल्या होत्या. एका विहिरीपुढचा 'मार्च' खोडून तेथे 'फेब्रुवारी' लिहिले होते. आणि अगदी वर, शीर्षकात पाड्याचे नाव आम्ही चुकीच्या ऱ्हस्वाने लिहिले होते, ते दीर्घ केले होते.